माझ्या मुलीचा आत्मविश्वास वाढला, आता तो स्वतःहून अभ्यासाला बसतो

गेल्या वर्षी एका रात्री मी एक कमेंट टाइप केली आणि पोस्ट न करताच पुसून टाकली. त्या पुसलेल्या कमेंटबद्दल कधीपासून लिहायचं होतं, आज बसलेय.

झालं असं की मुलांच्या अभ्यासाचं एक अ‍ॅप आहे, नाव घेत नाही कारण विषय त्या एका अ‍ॅपचा नाहीच. एका आईने पोस्ट टाकली होती की फ्री ट्रायल म्हणून कार्डचे डिटेल्स घेतले आणि आता सबस्क्रिप्शन बंद करायचं बटणच सापडत नाही, तीन महिने झाले पैसे कट होतायत, कस्टमर केअरवाले फोन उचलत नाहीत. माझ्याबरोबर हेच झालं होतं, अगदी हेच, त्यामुळे मी लगेच लिहायला घेतलं की हो ताई, मलाही हाच अनुभव आला, बँकेला सांगून पेमेंट थांबवा. लिहिता लिहिता खालच्या कमेंट वाचल्या. दोनशेच्या वर होत्या आणि बहुतेक सगळ्या त्या बाईलाच बोलत होत्या. आम्हाला तर कधी प्रॉब्लेम आला नाही. अटी न वाचता ओके करायचं आणि मग रडायचं. लोकांना हल्ली सगळं फुकट पाहिजे. माझ्या मुलाला गणितात किती फरक पडला माहितीये का. हे सगळं वाचून मला वाटलं की कदाचित माझंच काहीतरी चुकलं असेल. म्हणजे बघा, अनुभव माझा स्वतःचा होता, पैसे कट झाल्याचे मेसेज माझ्या फोनमध्ये होते, तरी मनात आलं की दोनशे लोक म्हणतायत म्हणजे आपणच नीट वाचलं नसणार, कशाला सगळ्यांसमोर बोलायचं. पुसलं आणि झोपले.

तीन-चार दिवसांनी दुसऱ्याच एका ग्रुपवर त्याच अ‍ॅपबद्दल कुणीतरी विचारलं होतं. खाली एक कमेंट होती, "माझ्या मुलाचा आत्मविश्वास खुपच वाढला, आता तो स्वतःहून अभ्यासाला बसतो." वाचताना वाटलं हे आपण कुठेतरी वाचलंय. परत त्या जुन्या पोस्टवर गेले. तिथेही तेच वाक्य, वेगळं नाव. आणखी खाली गेले तर तिसऱ्या नावाने, एका बाईच्या फोटोखाली, "माझ्या मुलीचा आत्मविश्वास खुपच वाढला, आता तो स्वतःहून अभ्यासाला बसतो."

"खुपच" पहिल्या उकाराने लिहिणारे लाखो लोक असतील, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण स्वतःच्या मुलीबद्दल लिहिताना कुठली आई "तो बसतो" लिहील? कुणाला तरी एक वाक्य दिलं गेलं होतं, त्याने मुलाची मुलगी केली आणि पुढचं क्रियापद बदलायचं राहून गेलं. मराठीचं एक बरं आहे, वाक्याच्या सुरुवातीला काही बदललं की शेवटपर्यंत सगळं बदलावं लागतं, आणि ज्याला घाई आहे तो तिथे पकडला जातो.

मग मी बसून त्या दोनशे कमेंटमधली जितकी नावं बघता येतील तितकी बघितली, रात्रीचे दोन वाजले. बऱ्याच प्रोफाइलना फोटो नाही किंवा फुलाचा, सूर्यास्ताचा फोटो. बरीच त्याच दोन महिन्यांत उघडलेली. काहींवर वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग अचानक एका आठवड्यात पंधरा वेगवेगळ्या कंपन्यांचं कौतुक. आणि एकमेकांच्या कमेंटना लाइक करणारे हेच सगळे. उंदराला मांजर साक्ष म्हणतात तसं. दोनशेपैकी सगळे खोटे नव्हते हेही सांगते, काही खरोखरची माणसं होती ज्यांना ते अ‍ॅप आवडलं असेल, आणि काही अशीही होती जी वरचा सूर बघून त्या बाईला बोलायला लागली होती. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण मला तोच भाग सगळ्यात भयंकर वाटतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीये, खांद्यावर बोकड घेऊन चाललेला ब्राह्मण आणि तीन ठग. पहिला म्हणतो, महाराज, खांद्यावर कुत्रं का घेतलंय? ब्राह्मण चिडतो. थोडं पुढे गेल्यावर दुसरा भेटतो, तोही तेच विचारतो, मग तिसरा. शेवटी ब्राह्मण बोकड टाकून पळून जातो. आपल्याला ती गोष्ट "ब्राह्मण किती भोळा" अशी सांगितली गेली, पण मला आता त्यातली ठगांची हुशारी दिसते. ते तिघे एकत्र उभे राहिले नाहीत, अंतर ठेवून उभे राहिले, जणू एकमेकांना ओळखतच नाहीत. तिघे एकत्र येऊन म्हणाले असते की हे कुत्रं आहे तर ब्राह्मणाने तिघांनाही हाकललं असतं. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी, वेगवेगळ्या शब्दांत तीच गोष्ट ऐकू आली म्हणून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. खोट्या कमेंटचा सगळा धंदा या अंतरावर उभा आहे. एकच कंपनी शंभर वेळा बोलली तर ती जाहिरात होते आणि जाहिरात आहे म्हटल्यावर आपण सावध असतो. शंभर अनोळखी लोक बोलले की तो अनुभव होतो.

म्हणूनच मला असं वाटतं की या कमेंट आपलं मत बदलायला लिहिलेल्याच नसतात. माझं मत त्या रात्री बदललं नव्हतं, पैसे चुकीचे कापले गेले हे मला माहीतच होतं. बदलला तो माझा अंदाज, की बाकीच्यांना काय वाटतं, आणि त्या अंदाजामुळे मी गप्प बसले. एवढंच त्यांना पाहिजे होतं.

सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास केलेले प्रयोग यावर फार बोलके आहेत. एका खोलीत काही लोक, समोर रेघा, कुठली रेघ दाखवलेल्या रेघेइतकी लांब आहे एवढंच सांगायचं, लहान मूलही बरोबर सांगेल असं. पण एक माणूस सोडून बाकी सगळे अ‍ॅशचे स्वतःचे होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. बिचारा खरा माणूस साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्यासारखंच चुकीचं उत्तर द्यायचा, आणि जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवत गेले. इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. त्याच्या पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे अ‍ॅशने नंतर त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक माणूस बसवला, एकच, आणि चुका आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर आल्या. म्हणजे त्या रात्री माझी ती पुसलेली एक कमेंट तिथे असती तर त्या आईला आणि नंतर वाचणाऱ्या कितीतरी जणांना खोलीतला तो एक माणूस मिळाला असता.

आणि लाइकचं काय तर २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. संशोधकांनी बातम्यांच्या एका साइटवर पाच महिने, लाखभर कमेंटपैकी काहींना, टाकल्या टाकल्या स्वतःच एक खोटा लाइक दिला. फक्त एक. त्यानंतर ती कमेंट बघणाऱ्या पहिल्याच माणसाने लाइक देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या कमेंटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघालं. उलट खोटा डिसलाइक दिला तेव्हा लोकांनी तो बऱ्यापैकी सुधारून घेतला. म्हणजे खोटी निंदा आपण तपासतो, खोटं कौतुक तसंच पुढे जातं. एका लाइकने एवढं होत असेल तर पन्नास खोट्या लाइकने वरती चढवलेल्या कमेंटचं काय होत असेल विचार करा.

दक्षिण कोरियात तर नुसत्या लाइकवरून मोठं प्रकरण झालं. तिथे नेव्हर नावाच्या पोर्टलवर लोक बातम्या वाचतात आणि खालच्या कमेंट लाइकच्या हिशोबाने वर-खाली होतात. ड्रुकिंग या टोपणनावाच्या एका ब्लॉगरच्या गटाने प्रोग्राम वापरून ठराविक कमेंटचे लाइक फुगवले. म्हणजे मतं खऱ्या माणसांनी लिहिलेली असली तरी चालेल, कुठलं मत वर दिसेल एवढंच त्यांनी हातात घेतलं. २०१८ मध्ये हे उघड झालं, त्यात किम क्योंग-सू हे एका प्रांताचे गव्हर्नर अडकले, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची दोन वर्षांची शिक्षा कायम केली. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं कारण आपण "खोटी कमेंट" शोधत बसतो, आणि इथे कमेंट खोटी असायची गरजच नव्हती.

भाड्याने गर्दी आणणं हे काही नवीन नाही. पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकात टाळ्या वाजवायला पगारी माणसं बसवायचे, कुणी हसायला, कुणी रडायला, कुणी वन्स मोअर ओरडायला, अशी कामं वाटलेली असायची. १९८५ मध्ये अमेरिकेतले सिनेटर लॉइड बेंटसन यांनी विमा कंपन्यांनी पाठवून घेतलेल्या पत्रांच्या ढिगाला अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हटलं, म्हणजे प्लास्टिकचं गवत, जमिनीतून उगवलेलं नाही, वरून अंथरलेलं. फरक इतकाच की टाळ्या वाजवायला तेव्हा खरी माणसं आणून बसवावी लागायची, त्याला खर्च यायचा, खुर्च्या लागायच्या. आता नाही लागत.

किती नाही लागत, त्याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते कारण मला ते वाचून झोप आली नव्हती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द करायचा प्रस्ताव आणला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवायचं हा नियम काढून टाकायचा, आणि जनतेकडून मतं मागवली. २ कोटी २० लाखांच्या वर मतं आली. केवढी लोकशाही, असं कुणालाही वाटेल. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी केली, २०२१ मध्ये रिपोर्ट आला, त्यातली जवळपास १ कोटी ८० लाख मतं खोटी होती. ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून, साधारण ४२ लाख डॉलर, चाललेल्या मोहिमेत ८५ लाख खोटी मतं टाकली गेली. त्यांनी ज्या एजन्सींना काम दिलं होतं त्यांनी लोकांना बक्षिसांचं, गिफ्ट कार्डचं आमिष दाखवून संमती घ्यायची होती, पण त्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत, खऱ्या लोकांची नावं-पत्ते कुठून कुठून गोळा केले आणि त्यांच्या नावाने मतं टाकून दिली. वर बसलेल्या कंपन्यांना हे थेट माहीत असल्याचा पुरावा मिळाला नाही, असंही रिपोर्टमध्ये आहे. मेलेल्या माणसांच्या नावानेही मतं आली होती. कल्पना करा, तुमचे वडील गेलेत आणि त्यांच्या नावाने कुठल्यातरी सरकारी साइटवर त्यांनी आयुष्यात कधी विचारही न केलेलं मत लिहिलेलं आहे.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. नियम राहावेत म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही ९० लाखांच्या वर खोटी मतं होती आणि त्यातली ७७ लाख एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या मुलाने एकट्याने प्रोग्राम वापरून, बनावट नावं तयार करून टाकली होती. माझं मत विचाराल तर मीही नियम राहावेत याच बाजूची. आणि म्हणूनच सांगते, आपल्या बाजूने कुणी खोटं बोललं की ते आपल्याला खुपत नाही, "तेही तसंच करतात ना" असं म्हणून आपण सोडून देतो. पण त्या मुलाने काय केलं, तर ज्यांनी रात्री बसून, स्वतःच्या शब्दात, मनापासून लिहिलं होतं त्यांना त्याने ७७ लाखांच्या ढिगाखाली गाडलं. अशी खरी, वेगळी लिहिलेली मतं होती, स्टॅनफर्डमधल्या एका अभ्यासाने ती गाळून काढली, साधारण ८ लाख, आणि त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त नियम रद्द करण्याच्या विरोधात होती. म्हणजे खोट्याची गरजही नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द झाले ते झालेच.

आपल्याला वाटतं की हे लोक वाद घालायला येतात. बऱ्याचदा येतच नाहीत. चीनमधल्या सरकारी कमेंटवाल्यांवर गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अभ्यास छापला, एका जिल्ह्याच्या प्रचार खात्याचे लीक झालेले ईमेल त्यांना मिळाले होते. त्यांचा अंदाज असा की वर्षाला साधारण ४४ कोटी ८० लाख पोस्ट अशा टाकल्या जातात. आणि सगळ्यांचा समज होता की हे लोक टीकाकारांशी भांडत असतील, तर तसं नव्हतं, ते भांडतच नाहीत, ते विषय बदलतात. लोक कुठल्या तरी गोष्टीवरून संतापायला लागले की अचानक देशाच्या कौतुकाच्या, हुतात्म्यांच्या आठवणींच्या, सुंदर भविष्याच्या पोस्टची लाट येते. मी हे वाचल्यापासून कमेंट वाचताना एक गोष्ट बघायला लागले, मूळ प्रश्न काय होता आणि विसाव्या कमेंटला आपण कुठे पोचलोय. त्या अ‍ॅपच्या पोस्टवरही बघा ना, प्रश्न होता की बंद करायचं बटण कुठे आहे. दोनशे कमेंटमध्ये बटण कुठे आहे हे एकानेही सांगितलं नव्हतं. मुलांचे मार्क, आजकालचे पालक, फुकटेपणा, सगळं होतं.

आणि कधी कधी तर बाजूही नसते. रशियात सेंट पीटर्सबर्गला इंटरनेट रिसर्च एजन्सी म्हणून ऑफिस होतं, तिथे लोक शिफ्टमध्ये बसून अमेरिकन असल्याचं सोंग घेऊन पोस्ट टाकायचे. त्यांनी फेसबुकवर एक पेज टेक्सासच्या अभिमानी लोकांसाठी काढलं आणि एक अमेरिकेतल्या मुस्लिमांसाठी. मग २१ मे २०१६ ला ह्यूस्टनमध्ये एकाच इस्लामिक सेंटरसमोर दोन्ही पेजनी आपापल्या लोकांना बोलावलं, एकाच दिवशी, एकाच वेळी. खरी माणसं आली, रस्त्याच्या दोन बाजूंना उभी राहिली आणि एकमेकांवर ओरडली. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला आपल्यातल्याच कुणीतरी बोलावलंय. सुदैवाने मारामारी झाली नाही. माझ्या डोक्यातून ते दृश्य जात नाही कारण खोटी पेजं पुसता येतात, फेसबुकने पुसलीही, पण त्या दिवशी रस्त्यापलीकडच्या माणसाबद्दल मनात जो राग बसला तो खराच होता ना, तो कोण पुसणार.

हाच तो भयंकर भाग, ज्याबद्दल वर म्हटलं. खोटी अकाउंटं फक्त सुरुवात करून देतात, पुढचं काम आपण करतो. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सव्वा लाख बातम्यांचा प्रवास तपासला होता, त्यात खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा लांब आणि लवकर पसरतात असं दिसलं, आणि त्याचं मुख्य कारण बॉट, म्हणजे प्रोग्रामने आपोआप चालणारी अकाउंटं, नव्हते, माणसंच होती. त्या आईला "फुकट पाहिजे" म्हणणाऱ्यांत काही खरी माणसं होती असं मी म्हटलं. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. त्यांनी वरच्या दहा कमेंट वाचल्या, इथे काय बोलायचं असतं ते त्यांना कळलं, आणि ते बोलले. मी तेव्हा गप्प बसले आणि ते बोलले, आमच्या दोघांच्याही मागे तोच अंदाज होता.

एलिझाबेथ नोएल-नॉयमान नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी १९७४ मध्येच याला शांततेचं चक्र म्हटलं होतं, आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस बोलायचा थांबतो, तो थांबला की ते मत आणखी कमी ऐकू येतं, मग आणखी चार जण थांबतात. तेव्हा सोशल मीडिया नव्हता. आता त्या चक्राला धक्का द्यायला माणसं भाड्याने मिळतात.

आता माझ्याकडून झालेलं सांगते.

हे सगळं कळल्यानंतर मी फार सावध झाले, इतकी की प्रत्येक कमेंटमागे मला कुणीतरी दिसायला लागलं. प्रोफाइल उघडायचं, तारीख बघायची, फोटो बघायचा. दोन महिन्यांपूर्वी एका ग्रुपवर एका औषधाबद्दल चर्चा चालू होती, बऱ्याच जणांना त्रास झाला होता, आणि एका गृहस्थांनी लिहिलं की माझ्या पत्नीला या औषधाने खूप आराम पडला, कृपया डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. प्रोफाइल नवीन, फोटो नाही, मित्र सहा. मी खाली लिहिलं, "कंपनीकडून किती मिळतात एका कमेंटचे?" माझ्या त्या कमेंटला साठ-सत्तर लाइक आले. मग बाकीचे सुरू झाले, पेड, एजंट, आयटी सेलवाला, लाज वाटते का, वगैरे. त्यांनी दोनदा समजावून सांगितलं, की मी रिटायर्ड आहे, मुलाने नुकताच फोन घेऊन दिलाय, मला हे फार येत नाही. कुणी ऐकलं नाही. नंतर ग्रुपमधल्याच एका ताईंनी मला मेसेज केला की ते काका माझ्या ओळखीचे आहेत, काकूंना खरंच ते औषध चालू आहे, तुम्ही असं नको होतं लिहायला.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे जाळणारी मी होते. त्यांनी पैसे घेतले नव्हते, त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं, उलट डॉक्टरांना विचारा एवढंच ते सांगत होते. आणि मी जे केलं ते त्या अ‍ॅपवाल्यांनी त्या आईला केलं तेच होतं, फक्त मी फुकट केलं. खोट्या कमेंटचं खरं नुकसान मला तेव्हा कळलं. ते आपल्याला फसवतात हे एक झालं, पण आपण फसणं बंद केलं की आपण खऱ्या माणसालाही खोटं समजायला लागतो, आणि मग ज्याचं मत पटत नाही तो प्रत्येक जण विकला गेलेला वाटतो, आणि ज्यांना खरंच लोकांना गप्प करायचंय त्यांचं काम आणखी सोपं होतं कारण आता कुणीही खरं बोललं तरी "पेड आहे" म्हटलं की संपलं.

माझ्या सगळ्या खुणाही आता कुचकामी होत चालल्यात. तेच वाक्य परत येणं, तारीख, फोटो, "मुलगी" आणि "तो बसतो", हे सगळं माणूस घाईत कॉपी-पेस्ट करत होता तेव्हाचं. आधी परदेशी टूलने केलेली मराठी दोन शब्दांत ओळखू यायची, आता एआयला सांगितलं की शंभर कमेंट लिही, एक चिडकी, एक शांत, एक गावाकडच्या बोलीतली, एक शुद्धलेखनाच्या चुका असलेली, तर ते लिहून देतं. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या एका वादविवादाच्या ग्रुपमध्ये कुणालाही न सांगता काही महिने एआयने लिहिलेल्या १,७०० हून जास्त कमेंट टाकल्या, कधी अत्याचार सोसलेली व्यक्ती बनून, कधी समुपदेशक बनून. २०२५ मध्ये त्यांनी स्वतः कळवलं तेव्हा ग्रुप चालवणाऱ्यांना पत्ता लागला. लोक किती चिडले होते आणि बरोबरच होतं त्यांचं, कुणीतरी आपलं सगळ्यात खोल दुःख सांगतंय असं समजून तुम्ही उत्तर देता, धीर देता, आणि पलीकडे कुणीच नसतं. हे तर अभ्यास करणारे होते. बाकीचे कळवणार नाहीत.

त्यामुळे खरं-खोटं अकाउंट ओळखायचा नाद मी जवळजवळ सोडलाय. अमेरिकेत २०२४ मध्ये खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर बंदीचा नियम आला, तसे नियम पाहिजेतच, आणि कमेंट कुठल्या क्रमाने दिसतात हे ज्यांच्या हातात आहे त्या कंपन्यांनी झुंडीने चालणारी अकाउंटं पकडायला पाहिजेत, एकेका अकाउंटकडे बघून आपल्याला ते दिसूच शकत नाही, सगळी एकत्र बघितली तरच दिसतं आणि सगळी एकत्र फक्त त्यांनाच दिसतात. मी माझ्यापुरतं एवढं करते की कमेंट उघडायच्या आधी थांबते आणि मला काय वाटतं ते मनात एका वाक्यात म्हणते. लहानसं आहे पण फरक पडतो, कारण मग वाचून झाल्यावर माझं काय बदललं ते मला दिसतं, आणि कशामुळे बदललं तेही, कुणी नवीन माहिती दिली म्हणून, का नुसती संख्या बघून. माहितीने बदललं तर ती कुणी दिली याने काही अडत नाही, ती तपासता येते. संख्येने बदललं असेल तर मी फोन ठेवते आणि ज्याला मी प्रत्यक्ष ओळखते अशा एखाद्याला विचारते.

आणि गप्प बसत नाही. त्या अ‍ॅपच्या पोस्टवर मी शेवटी लिहिलं, उशिरा, पंधरा दिवसांनी. मला हाच अनुभव आला, बँकेकडून पेमेंट असं असं थांबवलं, एवढंच. चार लाइक आले. पण आठवडाभरात तीन बायकांनी इनबॉक्समध्ये विचारलं की नेमकं काय केलं, कुठला फॉर्म भरला. त्यातली एक म्हणाली की तिने पण त्या पोस्टवर लिहून पुसलं होतं.

त्या काकांची मी माफी मागितली, आधी मेसेजमध्ये आणि मग त्याच पोस्टखाली सगळ्यांसमोर. त्या माफीला सात लाइक आले. त्यांनी मेसेजला उत्तर दिलं, "ठीक आहे ताई. काळजी नसावी." औषधाची ती चर्चा अजून चालू आहे, रोज कुणी ना कुणी विचारतं की हे अचानक बंद केलं तर चालेल का. काका ग्रुपमध्ये आहेत, मेंबरच्या यादीत त्यांचं नाव दिसतं, पण त्यानंतर त्यांनी एकदाही काही लिहिलेलं नाही.